बालविभागासाठी ग्राफिक नॉव्हेल्स घ्यायच्यात, कशा निवडू?

कोयनाकाठ | २ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

मी कराडजवळच्या एका गावात सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग बघते. पगार वगैरे काही नाही, आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी पाच ते साडेसात असते तिथे. यंदा एका सभासद आजोबांनी आजींच्या स्मरणार्थ पंचवीस हजार रुपये दिले, अट एकच की सगळे पैसे मुलांच्या पुस्तकांवर खर्च व्हावेत. मी कार्यकारिणीत म्हटलं यातले निम्मे तरी ग्राफिक नॉव्हेल्स (चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या लांब गोष्टी) आणि कॉमिक्सवर घालूया. त्यावर एक सदस्य म्हणाले की देणगी पुस्तकांसाठी आहे, चित्रांसाठी नाही. बराच वेळ वादावादी झाली, शेवटी अध्यक्षांनी महिन्याची मुदत दिली, यादी करा आणि प्रत्येक पुस्तकापुढे ते का घ्यायचं ते लिहून आणा.

माझा एवढा हट्ट का ते सांगते. आमच्याकडे सहावीतला एक मुलगा येतो. घरून आणि शाळेतून, दोन्हीकडून त्याच्यावर शिक्का बसलाय की याला वाचायचा कंटाळा. ऑक्टोबरात एकदा तो कपाटाच्या तळाशी भिंतीला टेकून अमर चित्र कथेचं एक फाटकं पुस्तक घेऊन बसला होता, कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत. मी लांबून बघत होते. बोट संवादाच्या एका फुग्यावर ठेवलं, ओठ हलले, बोट शेजारच्या चौकटीत गेलं, तिथे थांबलं. मग पान उलटून मागे गेला, काहीतरी बघितलं आणि परत पुढे आला. असा पाऊण तास बसला होता. आई न्यायला आली तेव्हा मला म्हणाली, मॅडम हा वाचत नाही हो, नुसती चित्रं बघतो. मला तेव्हा त्यांना धड काही सांगता आलं नाही.

तर कुठल्या वयाला काय घ्यावं, मराठीत काय मिळतं, इंग्रजी घेतलं तर आमची मुलं वाचतील का, पालकांनी तक्रार केली तर काय करायचं, आणि ही पुस्तकं फाटतात फार लवकर त्याला उपाय काय, यातलं जे माहीत असेल ते सांगा. मतभेद असतील तर तेही लिहा, मला कार्यकारिणीपुढे उत्तरं द्यायचीत.

खारीबिस्कीट | २ डिसेंबर

वेताळ घ्या, तो जंगलातला फँटम!! आम्ही इंद्रजाल कॉमिक्स भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचो. १९९० ला बंद पडलं तेव्हा मी सातवीत होतो, अजून हळहळ वाटते. वेताळाची कवटीची अंगठी मी खडूने हातावर छापून घ्यायचो.

अनघा_ओसरी | २ डिसेंबर

वाचतेय. आमच्या सोसायटीच्या लायब्ररीलाही हेच हवंय.

शाळामास्तर | ३ डिसेंबर

ताई, तळमळ पोचली, पण मी उलट बाजूचा आहे आणि स्पष्ट लिहितो. बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतोय. माझ्या पाचवीच्या वर्गात चार ओळींचा परिच्छेद सलग वाचताना अडखळणारी मुलं दरवर्षी असतात. त्यांना सरावाची गरज आहे ती सलग मजकुराची, लांब वाक्यांची. 'आभाळ भरून आलं आणि गुरं माघारी फिरली' हे वाक्य वाचल्यावर ते आभाळ, ती गुरं मुलाने स्वतःच्या डोळ्यापुढे उभी करायची असतात. कॉमिकमध्ये ते आयतं काढून मिळतं, खाली फुग्यात तीन शब्द, 'चला, पाऊस येतोय.' पंचवीस हजार म्हणजे गावच्या वाचनालयाला मोठी रक्कम आहे. तेवढ्यात साने गुरुजींपासून भा. रा. भागवतांपर्यंत अख्खं कपाट भरेल. आधी ते भरा, चित्रं काय मोबाइलवरही बघतातच.

रेषावेडी | ३ डिसेंबर

मास्तर, मी चित्रकार आहे त्यामुळे बाजू घेणारच, पण माझं म्हणणं ऐकून घ्या.

आभाळ आयतं मिळतं हे कबूल. पण दोन चौकटींच्या मधे जी पांढरी पट्टी असते ना, तिथे काहीही आयतं नसतं. समजा पहिल्या चौकटीत आईने गॅसवर दूध ठेवलंय. दुसरीत आई दारात शेजारणीशी बोलतेय. तिसरीत मांजर मिशा चाटतंय आणि ओट्यावरून पांढरा ओघळ खाली आलाय. दूध उतू गेलं हे कुठेही लिहिलेलं नाही, कुठेही काढलेलंही नाही. ते मुलाच्या डोक्यात घडतं. किती वेळ गेला, आई का विसरली, मांजर कुठून आलं, सगळं त्यानेच जुळवायचं. स्कॉट मॅक्लाउड नावाच्या चित्रकाराने १९९३ मध्ये कॉमिक्सविषयीचं एक पुस्तक कॉमिकच्याच रूपात काढलं, त्यात या पट्टीवर अख्खं प्रकरण आहे.

कोयनाकाठताई, तुमचा मुलगा पान उलटून मागे गेला म्हणता ना, त्याच्या आईला हेच सांगा. समोरच्या चौकटीत काहीतरी जुळलं नाही म्हणून तो पुरावा बघायला मागे गेला. आपल्याला कादंबरीत एखादं नाव आठवलं नाही की आपण चार पानं मागे जातो, तेच की हे.

निवडताना मी एक करते, दुकानात उभ्या उभ्या करता येतं. पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं आणि सगळे फुगे हाताने झाकायचे. नुसत्या चित्रांवरून कोण घाबरलंय, कोण खोटं बोलतंय, कोण निघून चाललंय हे थोडं तरी कळलं पाहिजे. मग उलट करायचं, चित्रं विसरून नुसते फुगे वाचायचे. गोष्ट पूर्ण कळली तर त्या पुस्तकात चित्रांना काही कामच नाही, ती नुसती शोभेला लावलीत. असं पुस्तक मी खाली ठेवते, मग किती का गुळगुळीत छापलेलं असेना.

खारीबिस्कीट | ३ डिसेंबर

हात ठेवून बघायची आयडिया लय भारी. आत्ता घरातल्या दोन पुस्तकांवर करून बघितली, एक नापास.

मेधा_जर्सी | ३ डिसेंबर

मी न्यू जर्सीत आहे, गेली आठ वर्षं इथल्या सार्वजनिक लायब्ररीच्या मुलांच्या विभागात अर्धवेळ काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

इथेही 'हे काय पुस्तक आहे का' हा वाद होऊन गेलाय. २००७ ला जीन लुएन यांग यांच्या ग्राफिक नॉव्हेलला किशोर साहित्याचं प्रिन्ट्झ पारितोषिक मिळालं, आणि २०२० मध्ये जेरी क्राफ्ट यांच्या 'न्यू किड'ला बालसाहित्याचं न्यूबेरी मिळालं, त्या पारितोषिकाच्या इतिहासात ग्राफिक नॉव्हेलला पहिल्यांदाच. न्यूबेरी १९२२ पासून दिलं जातं, म्हणजे तिथपर्यंत यायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. तुमच्या त्या सदस्यांना हे सांगून बघा.

वयाचं म्हणाल तर सगळ्या ग्राफिक नॉव्हेल्स एका फळीवर कधीही ठेवू नका. चित्रं दिसली की लोक धरून चालतात की लहान मुलांचं आहे. आर्ट स्पीगेलमन यांचं 'माउस' नाझी छळछावण्यांबद्दल आहे, पात्रं उंदीर आणि मांजरं. कव्हरवर उंदीर बघून कुणी सात वर्षांच्या मुलाच्या हातात दिलं तर चूक पुस्तकाची नाही, मांडणीची आहे. आमच्याकडे तीन वेगळ्या जागा आहेत, नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी एक, आठ ते बारा एक, आणि त्याहून मोठ्यांसाठी एक, तीही वेगळ्या खोलीत.

तक्रारीचं उत्तर मात्र तक्रार यायच्या आधीच तयार पाहिजे. हेच 'माउस' जानेवारी २०२२ मध्ये टेनेसीतल्या एका काउंटीच्या शाळा मंडळाने आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकलं, काही शिव्या आणि एका नग्न चित्राचं कारण देऊन. बातमी जगभर गेली आणि खप उलट वाढला. आमच्याकडे एक पानभर लेखी धोरण आहे, पुस्तक कोण निवडतं, कशावरून निवडतं, आणि आक्षेप असेल तर पालकाने फॉर्म भरायचा. फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो, तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलंत का. निम्मे आक्षेप तिथेच थांबतात, आणि उरलेल्यांशी नीट बोलता येतं. एखाद्या आईचं म्हणणं खरोखर बरोबरही असतं, मग पुस्तक वरच्या वयाच्या फळीवर जातं.

आणि मास्तरांना एक घरचं सांगते. माझ्या मुलीला मराठी बोलता येतं पण वाचताना जोडाक्षरं आली की ती रडकुंडीला यायची. रविवारच्या मराठी शाळेत धडे गिरवून दोन वर्षांत जे जमलं नाही ते चिंटूच्या पुस्तकांनी जमलं. तीन-चार चौकटी, प्रत्येकीत एखादं वाक्य, आणि शेवटच्या चौकटीत हसायचं असतं म्हणून ती थांबत नाही. 'स्वयंपाकघर' हा शब्द तिने पहिल्यांदा आपणहून तिथे वाचला, मला हाक मारून दाखवला.

शाळामास्तर | ४ डिसेंबर

मेधाताई, तुमच्या लेकीचं वाचून बरं वाटलं. चिंटूला माझी हरकत नाही, मीही रोज 'सकाळ' उघडला की आधी तेच बघायचो. पण मुलगी चिंटूवरून पुढे कुठे गेली ते सांगा. सलग मजकुराची कादंबरी वाचते का मराठीत? माझा मुद्दा तिथे आहे.

मेधा_जर्सी | ४ डिसेंबर

नाही अजून. खरं तेच सांगते. माधुरी पुरंदरेंची चित्रपुस्तकं वाचते, कादंबरी नाही.

डोंगरवाट | ४ डिसेंबर

पुराणकथा सोडून काय घ्यायचं असा प्रश्न पुढे येणारच, म्हणून माझ्याकडून 'भीमायन', बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं. २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलेलं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. ते चौकटी आखतच नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवर जी दिगना काढतात तिच्या वळणदार पट्ट्यांनी पानाचे भाग पडतात. आणि फुगे बघा, मायेने बोललेल्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आमच्या ठाण्याच्या वाचनकट्ट्यावर चौथीतल्या मुलीने ते कुणी न सांगता ओळखलं, म्हणाली, हा माणूस डसतोय.

कोयनाकाठ, तुमच्याकडे तर हे पुस्तक पाहिजेच. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेला १९०१ चा प्रसंग त्यात आहे, साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ही लहान भावंडं नटूनथटून मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कुणी आलेलं नसतं, जात कळल्यावर एकही गाडीवान गाडीत घ्यायला तयार होत नाही आणि रात्रभर पाणी मिळत नाही. मसूर तुमच्या शेजारचंच ना.

इंग्रजी आहे, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना शेजारी बसून वाचून दाखवता येतं. जोतीरावांच्या 'गुलामगिरी'वरचं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' पण त्याच साली नवयाननेच काढलंय, ते मात्र नववी-दहावीच्या आधी देऊ नका, वादाची मांडणी आहे, लहानांना धागा लागत नाही.

कोयनाकाठ | ४ डिसेंबर

डोंगरवाट, मसूर एसटीने पाऊण तासावर. अंगावर काटा आला वाचून. यादीत पहिलं.

टाकसाळ | ५ डिसेंबर

पुराणकथांना एवढं का टाळायचं? अनंत पैंनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली ती याचसाठी, की दिल्लीत टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देव माहीत आणि रामाच्या आईचं नाव येईना. आम्हाला महाभारत तिथूनच कळलं. मराठीत मिळतात, स्वस्त आहेत, पालक कुरकुर करत नाहीत. कार्यकारिणीही लगेच हो म्हणेल.

अनघा_ओसरी | ५ डिसेंबर

घ्याव्यात, पण डोळे उघडे ठेवून. मी लेकासोबत जुने अंक परत वाचले तर देव आणि राजे गोरेपान, असुर काळे आणि बेढब. माझा मुलगा सावळा आहे. त्याने सरळ विचारलं, मी मोठा होऊन असुर होणार का. मला रडू आलं. पुस्तक काढून टाकलं नाही मी, पण त्या दिवसापासून आम्ही शेजारी बसून वाचतो आणि 'चित्रकाराने हा रंग का दिला असेल' यावर बोलतो.

टाकसाळ | ५ डिसेंबर

अनघाताई, हे कधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पटलं.

पानसुपारी | ५ डिसेंबर

कुणाला चांदोबा आठवतो का? विक्रम-वेताळाचं ते चित्र, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, शंकर यांनी काढलेलं. ते आत्ता मिळतात का कुठे?

खारीबिस्कीट | ५ डिसेंबर

चांदोबा कॉमिक नव्हतं, पण वेताळ म्हटलं की मला दोन्ही आठवतात, एक झाडावरचा आणि एक जंगलातला. लहानपणी मला ते एकमेकांचे नातेवाईक वाटायचे.

पानसुपारी | ५ डिसेंबर

मलाही!! किशोर मासिकाचे जुने अंक तरी बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत, चांदोबाचं असं कुणी नीट केलं पाहिजे.

दाखलक्रमांक | ६ डिसेंबर

मी ग्रंथपाल होतो, एकतीस वर्षं, आता निवृत्त. निवडीवर बरंच बोलून झालंय, मी फाटण्यावर बोलतो, कारण ते कुणी सांगत नाही आणि वाचनालयाचे पैसे तिथेच जातात.

बहुतेक ग्राफिक नॉव्हेल्स डिंकाच्या बांधणीच्या असतात. मूल पुस्तक पूर्ण उलटं मोडून जमिनीवर ठेवतं आणि दहाव्या देवघेवीला पानं सुटतात. मग आपण बाइंडरकडे देतो, तो नेहमीसारखी पोटातून शिलाई मारतो आणि तिन्ही कडा कापतो. साध्या पुस्तकाला चालतं, मार्जिन असतं. इथे चित्रं कडेपर्यंत असतात, त्यामुळे आतल्या चौकटीचा अर्धा फुगा शिलाईत जातो आणि बाहेरच्या चौकटीतल्या माणसाचं डोकं कापलं जातं. म्हणून घेतानाच पुस्तक मधोमध उघडून बघा, शिलाईची जुडी (दुमडून शिवलेल्या पानांचा गठ्ठा) दिसते का. पुठ्ठा बांधणीची आवृत्ती निघाली असेल तर दीडपट पैसे मोजून तीच घ्या. आणि नवीन पुस्तक देवघेवीला जायच्या आधीच पाठीला कापडी पट्टी लावा, फाटल्यावर नको. पारदर्शक चिकटपट्टी अजिबात नको, वर्षात पिवळी पडते आणि काढायला गेलं की शाई घेऊन निघते.

दुसरं, मालिका. एक ते नऊ भाग असतील आणि पैसे चारांचेच असतील तर एक ते चार घ्या, कुठले तरी सुटे चार घेऊ नका. दाखल नोंदवहीत आणि पाठीवर भाग क्रमांक ठळक घाला. पुस्तकांच्या ड्युई वर्गीकरणात कॉमिक्सचा क्रमांक ७४१.५ आहे, पण बालविभागात तो नुसता पाठीवर असू द्या, मांडणी वयाप्रमाणे आणि मालिकेप्रमाणे करा. मुलं क्रमांक बघून येत नाहीत, कव्हर बघून येतात. जमतील तेवढी पुस्तकं तोंड दाखवून ठेवा.

तिसरं, कुलुपाच्या कपाटात ठेवू नका. रंगीत आणि महाग म्हणून ठेवतात, मीही सुरुवातीला ठेवायचो, आणि पाच वर्षांनी निर्लेखनाच्या (जुनी पुस्तकं काढून टाकायच्या) वेळी बघितलं तर पुस्तकं कोरी करकरीत, एकही शिक्का नाही. फार वाईट वाटलं होतं. रंगनाथनांनी १९३१ मध्ये जे पाच नियम लिहिले त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरासाठी असतात, आणि पुढचे दोन, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. कार्यकारिणीत कुणी अडलं तर रंगनाथनांचं नाव घ्या, ते भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक, त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही.

कोयनाकाठ | ६ डिसेंबर

काका, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. शिलाईचं तर मला अजिबात माहीत नव्हतं.

सईची_आई | ७ डिसेंबर

नमस्कार, मी सई, आईच्या आयडीवरून लिहितेय, तिला विचारलंय. मी नववीत आहे. तुम्ही सगळे मोठे बोलताय म्हणून मला पण सांगायचंय.

आमच्या लायब्ररीत एका खणावर '६ ते १४ वर्षे' असं लिहिलंय. मी तिथे जात नाही कारण तिथे पहिलीतली मुलं असतात. आणि मोठ्यांच्या विभागात गेलं की काका विचारतात काय पाहिजे. आम्हाला वेगळी जागा पाहिजे, छोटी असली तरी चालेल, एक फळी पण चालेल.

आणि मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, ठेवा प्लीज. माझ्या वर्गातली जी मुलं काहीच वाचत नाहीत ती मांगा वाचतात, फोनवर, काहीही भाषांतर केलेली. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे कुणीतरी पहिल्या पानावर बाण काढून ठेवा, नाहीतर लोक शेवटापासून वाचतात आणि म्हणतात काही कळत नाही. सगळ्या मांगा मारामारीच्या नसतात. हिरोशिमावर 'बेअरफूट गेन' आहे, ज्यांनी काढलं ते केजी नाकाझावा बॉम्ब पडला तेव्हा तिथेच होते, सहा वर्षांचे. मी ते वाचून दोन दिवस नीट जेवले नाही पण मला वाचायचंच होतं. इतिहासाच्या पुस्तकात त्याबद्दल फार थोडं आहे.

शाळामास्तर सर, मी कादंबऱ्या पण वाचते. दोन्ही वाचते.

शाळामास्तर | ७ डिसेंबर

सई बाळा, लिहिलंस ते फार चांगलं केलंस. तुझ्यासारखी वाचणारी मुलं काहीही दिलं तरी वाचतात. मला काळजी न वाचणाऱ्यांची. पण तू तुझ्या वर्गातल्या मुलांबद्दल जे लिहिलंस त्यावर मी विचार करतोय, खोटं कशाला बोलू. लेखी परीक्षेत त्यांची वाक्यरचना कशी असते ते मात्र बघावं लागेल.

रेषावेडी | ७ डिसेंबर

सई, बाणाची आयडिया घेतली. तुझी फळी लवकर मिळो.

मराठीचा प्रश्न राहिलाच. मूळ मराठीत मुलांसाठी लांब पल्ल्याची ग्राफिक नॉव्हेल शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागतं, याचं मला रोज वाईट वाटतं. चिंटू आहे, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ ला सुरू केलेला, पण त्या पट्ट्या आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं सुंदर आहेत, पण चित्रपुस्तक वेगळं आणि कॉमिक वेगळं. अगदी लहानांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापूनही घेता येतात. उरलेलं इंग्रजीतूनच आणावं लागतं. तर मोठ्या मुलांना भाषांतर करायला लावा ना. चिकटचिठ्ठीवर मराठी वाक्य लिहायचं आणि फुग्यावर लावायचं, धाकटे वाचतील. फुग्याच्या आकारात वाक्य बसवायचं म्हणजे शब्द तोलून मापून घ्यावा लागतो, मास्तरांच्या भाषेच्या तासाला शोभेल असं काम आहे.

दाखलक्रमांक | ७ डिसेंबर

कल्पना छान, पण चिकटचिठ्ठीचा डिंक कागदावर राहतो आणि त्याला धूळ बसते. ट्रेसिंग पेपर पानाच्या मापाचा कापा, वर ठेवून फुग्यांच्या जागी मराठी लिहा, आणि पाकिटात घालून पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला लावा. पुस्तक कोरं राहतं.

रेषावेडी | ७ डिसेंबर

काका, नमस्कार घ्या _/\_

कोयनाकाठ | १९ जानेवारी

सगळ्यांना उशिरा लिहितेय. यादी मंजूर झाली, साडेबारा मागितले होते, अकरा हजार मिळाले. रंगनाथनांचं नाव घेतल्यावर खरंच सगळे गप्प बसले. धोरणाचं एक पान मेधाताईंच्या पद्धतीने लिहिलं, त्यावर अध्यक्षांची सही घेतली. ज्यांनी देणगी दिली ते आजोबा मीटिंगला आले होते, ते एवढंच म्हणाले की आमच्या हिला चिंटू फार आवडायचा, कात्रणं ठेवायची.

अमर चित्र कथा मराठीतल्या बारा नवीन घेतल्या, चिंटू, 'भीमायन'च्या दोन प्रती, 'बोन' या रंगीत मालिकेचे नऊपैकी पहिले चार भाग, 'न्यू किड', 'बेअरफूट गेन'चा पहिला भाग, आणि शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल', त्यात एकही शब्द नाही. सईसाठी नाही म्हणता येणार, पण सईमुळे, खिडकीजवळ एक फळी आठवी ते दहावीसाठी वेगळी केली. त्यांनी स्वतःच त्यावर पाटी रंगवली.

दोन गोष्टी सांगायच्यात. 'भीमायन' मी सहा मुलांना घेऊन वाचत होते, मसूर आलं तेव्हा एकजण म्हणाला, आपलं मसूर? मी हो म्हटलं. माझी मावशी राहते तिथे, म्हणाला. मग कुणीच काही बोललं नाही, पान तसंच उघडं ठेवून बसली होती सगळी. तो सहावीतला, शिक्का बसलेला, त्याने बोट विंचवाच्या नांगीवर ठेवलं होतं.

दुसरी. सध्या ऊसतोडीचा हंगाम आहे, टोळ्या आल्यात. त्यांची मुलं सभासद होऊ शकत नाहीत, अनामत परवडत नाही आणि पत्ता कायमचा नाही, पण बसून वाचायला मी कुणाला अडवत नाही. बीडकडची एक मुलगी येते, कडेवर धाकटा भाऊ. शाळा अर्धी सुटलेली, अक्षरं जेमतेम ओळखते. तिच्या हातात 'द अरायव्हल' पडलं. पहिल्याच पानावर छोट्या छोट्या चौकटी आहेत, घड्याळ, टोपी, भांडं, किटली, उघडी बॅग, घरच्यांचा फोटो. ती भावाला एकेका चौकटीवर बोट ठेवून सांगत होती, हे घेतलं, हे घेतलं, हे ऱ्हायलं. पुढच्या पानावर बायको नवऱ्याच्या हातावर हात ठेवते तिथे थांबली आणि मला विचारलं, हा एकटाच चाललाय व्हय? मी म्हटलं पुढे बघ. रोज येते आता, ते पुस्तक मी मुद्दाम कुणाला घरी देत नाही. अनामतीचा नियम या मुलांपुरता बदलावा म्हणून मी पुढच्या मीटिंगला अर्ज देणार आहे.

एका पालकांनी 'बेअरफूट गेन' परत आणून दिलं, मुलगा घाबरला म्हणाले, मुलगा पाचवीतला. चूक माझी, त्याने मोठ्या भावाच्या कार्डावर नेलं आणि मी बघितलं नाही. फॉर्म भरायला दिला, त्यांनी नीट वाचून भरला, आणि पुस्तक मोठ्यांच्या फळीवरच राहू द्या असं स्वतःच लिहिलं.

शाळामास्तर | १९ जानेवारी

ताई, त्या मुलीचं दोनदा वाचलं. माझ्या शाळेतही हंगामात अशी मुलं येतात आणि त्यांच्या हातात काय द्यावं हे मला कधीच नीट कळलेलं नाही. कादंबऱ्यांबद्दलचं माझं मत तेच आहे. पण ते बिनशब्दांचं पुस्तक केवढ्याला पडलं आणि कुठे मिळालं ते सांगा.

कोयनाकाठ | २० जानेवारी

सर, व्यक्तिगत निरोप केला आहे. मंडळी, एक मदत हवी, 'बोन'चे चार भाग पंधरा दिवसांत सगळ्यांचे वाचून झाले आणि पाचव्यासाठी वहीत नऊ नावं लागलीत. ऑनलाइन पाच ते नऊ एकत्र मिळत नाहीयेत. पुण्यात कुणाला सुटे भाग दिसले तर कळवा, पैसे लगेच पाठवते.

खारीबिस्कीट | २० जानेवारी

शनिवारी अप्पा बळवंत चौकात जातोय, चार दुकानं फिरून सांगतो. मिळाले तर कराडच्या एसटीत देऊ का, की कुरिअर?

कोयनाकाठ | २० जानेवारी

एसटीच बरी. स्टँडवर पोरंच येतील घ्यायला.